एका दिवसाचा महाराजा

दिवाळी जवळ आली की घरात काय धांदल उडते! माळा झाडा, जळमटं काढा, अडगळ बाहेर फेका. लक्ष्मीपूजनाला तर आपण नव्या केरसुणीलाही हळदकुंकू वाहतो. पण सगळ्या शहराचीच अशी झाडलोट करायची असेल तर?

ही गंमत खरोखर घडली, होळकरांच्या इंदूरमध्ये.

तो काळ प्लेगचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे देशभर पसरला. घरात उंदीर पडले की लोकांच्या काळजात धस्स होई. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाला चावतात आणि रोग देतात. म्हणजे घाण, उंदीर, पिसू, माणूस अशी ही साखळी! ती तोडायची कशी? १८९७ साली पुण्यात रँडसाहेबाने गोरे सोजीर घराघरांत घुसवले. लोक किती संतापले, चापेकर बंधूंनी काय केलं, हे तुम्ही इतिहासात वाचलंच असेल.

इंदूरमध्ये वेगळंच घडलं. होळकर दरबाराने १९१७ साली पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश प्राध्यापकांना नगररचनेसाठी बोलावलं. दाढीवाले गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. ते गल्लीबोळांतून पायी हिंडत. लोक मात्र त्यांना घाबरत. साहेब नकाशा घेऊन आला, म्हणजे आता आपलं घर पाडणार!

ही भीती घालवायची कशी? गेडिसनी अजब मागणी केली, "मला एक दिवस महाराजा करा!" आणि ती मान्यही झाली.

मग त्यांनी जाहीर केलं, दिवाळीला मोठी मिरवणूक निघेल. पण नेहमीच्या रस्त्यांनी नाही! ज्या भागात जास्तीत जास्त घरं झाडून, दुरुस्त करून, रंगवून ठेवलेली असतील, तिथूनच ती जाईल. झालं! गल्ल्यागल्ल्यांत चुरस लागली. सहा हजारांहून जास्त खेपा कचरा शहराबाहेर गेला. हजारो उंदीर पकडले गेले.

मिरवणुकीत हत्ती होते, उंट होते. रोगराईचे राक्षस होते आणि प्लेगचा भलामोठा उंदीरही होता! शेवटी घाणीचा राक्षस आणि तो उंदीर जाळण्यात आले. पण सगळ्यात मानाचं काय होतं, सांगू? शहराचे झाडूवाले! पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात फुलांच्या माळा, सोबत रंगवलेल्या गाड्या आणि सजवलेले बैल. ज्यांना लोक एरवी दूर ठेवत, ते त्या दिवशी मिरवणुकीतून दिमाखात चालले.

अर्थात, एका मिरवणुकीने प्लेग जात नसतो. गेडिसनी १९१८ साली दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. वस्त्या सरसकट पाडू नका, मोडकी घरं तेवढी काढून मोकळी जागा करा. नद्या स्वच्छ ठेवा. सांडपाणी बागांना द्या, म्हणजे त्याचं खत होईल. पुढे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापकही झाले.

देशातल्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिलं आलं. पण झाडूवाल्यांचा तो मान टिकला का? माणसाला हाताने मैला उपसायला लावणं बंद व्हावं म्हणून आपल्याकडे १९९३ आणि २०१३ साली कायदे करावे लागले. तरीही गटारात उतरलेला कामगार गुदमरून गेल्याची बातमी अजून येते. आपण टाकलेली पिशवी गटारात अडकते आणि ती काढायला कुणीतरी खाली उतरतं.

करून बघा :
१. तुमच्या घरातलं सांडपाणी शेवटी कुठे जातं? आईबाबांच्या मदतीने शोधा आणि नकाशा काढा.
२. तुमच्या गल्लीतला कचरा नेणाऱ्या काकांचं किंवा मावशींचं नाव तुम्हाला ठाऊक आहे? नसेल तर उद्या सकाळी विचारा. आणि पुढच्या वेळी त्या नावाने हाक मारा!