कळलावीचे विष आणि प्रयोगशाळेतील मानवी प्रथिन

पावसाळ्यात तांबड्या-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले धारण करणारी कळलावी मध्य भारताच्या पानझडी अरण्यांत आढळते, तशीच सह्याद्रीच्या पायथ्याशीही आढळते. विदर्भाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील लालबर्र्याच्या हिंदीभाषकांसाठी ती ‘कलिहारी’ असते. कोणत्याही नावाने ओळखली तरी तिचा कंद विषारीच असतो आणि तो खाण्यात आल्यास जीवावर बेतू शकते. या विषाचे मुख्य कारण म्हणजे त्यातील कोल्चिसीन हे द्रव्य. याच द्रव्याने शास्त्रज्ञांना मानवी पेशीतील एका महत्त्वाच्या प्रथिनापर्यंत पोहोचविले.

पेशी म्हणजे केवळ द्रवाने भरलेली पिशवी नव्हे. तिला आकार देणारा आणि आतील मालाची ने-आण करण्यासाठी मार्ग पुरविणारा एक सांगाडा तिच्यात असतो. सूक्ष्मनलिका हा त्याचा एक भाग होय. सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या या पोकळ नळ्या पेशी विभागताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढून नेतात. कोल्चिसीन त्यांची बांधणी थांबविते आणि त्यामुळे पेशीविभाजन अर्ध्यावर अडते. १९६७ च्या सुमारास कोल्चिसीन नेमके कोणत्या प्रथिनाला चिकटते, याचा शोध लागला. पुढे त्या प्रथिनाला ‘ट्युब्युलिन’ हे नाव मिळाले. अल्फा आणि बीटा अशा दोन घटकांच्या जोड्या एकापुढे एक रचल्या गेल्या की सूक्ष्मनलिका तयार होते.

अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे व्हिंक्रिस्टीन हे कर्करोगावरील औषधही याच प्रथिनावर काम करते. मात्र मज्जातंतूंनाही सूक्ष्मनलिकांची गरज असल्याने उपचारादरम्यान अनेक रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात किंवा बधिरपणा जाणवतो. कर्करोगाच्या पेशीला रोखणारे, पण मज्जातंतूला शक्य तितके कमी दुखावणारे औषध कसे मिळवावे, हा या संशोधनामागील खरा प्रश्न आहे.

त्यासाठी शुद्ध ट्युब्युलिन लागते. ते मेंदूत विपुल असल्याने प्रयोगशाळा दीर्घकाळ प्राण्यांच्या मेंदूवर अवलंबून राहिल्या. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आणि पुण्याच्या आयसरमध्ये बोकडाच्या मेंदूतून मिळविलेल्या ट्युब्युलिनवर संशोधन झाले आहे. शुद्धीकरणाची पद्धत प्रथिनाच्या स्वभावावरच बेतलेली आहे. ३७ अंश सेल्सिअस तापमानाला त्याच्या नळ्या बनतात आणि थंडीत त्या विरघळतात. हे चक्र पुन्हा पुन्हा फिरविले की अशुद्ध भाग वेगळा होत जातो.

तथापि मेंदूतून मिळणारे ट्युब्युलिन एकजिनसी नसते. मानवी शरीरात बीटा घटकाचीच अनेक जनुके आहेत आणि त्यांपासून होणारे प्रकार एकमेकांपासून किंचित भिन्न असतात. त्यांपैकी बीटा-३ हा प्रकार मुख्यतः चेतापेशींत आढळतो. काही कर्करोगांत मात्र त्याचे प्रमाण वाढते आणि औषधाला दाद न मिळण्याशी त्याचा संबंध जोडला जातो. सर्व प्रकारांच्या मिश्रणावर चाचणी केल्यास औषध कोणाला किती चिकटते, हे नीट उलगडत नाही.

येथे जनुकीय पुनर्संयोजन उपयोगी पडते. हव्या त्या प्रकाराचे मानवी जनुक दुसऱ्या सजीवाच्या पेशीत घालून तेवढेच प्रथिन बनवून घेता येते. मानवी इन्सुलिन जिवाणूंकडून असेच बनविले गेले. ट्युब्युलिनची योग्य घडी बसण्यासाठी मात्र जिवाणूंत नसलेल्या मदतनीस प्रथिनांची आवश्यकता असते. म्हणून कीटकांच्या पेशी निवडण्यात आल्या आणि २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी त्यांच्याकडून मानवी ट्युब्युलिन मिळविल्याचे प्रसिद्ध केले.

असे प्रथिन कोणत्याही रुग्णाला द्यावयाचे औषध नव्हे. ते केवळ प्रयोगशाळेसाठी असते आणि त्याची किंमतही मोठी असते. त्याचे मोल औषधांच्या निवडीत आहे. रुग्णाच्या शरीरात जाण्यापूर्वीच एखादे द्रव्य कोणत्या मानवी प्रकाराला धरते आणि कोणत्याला सोडते, हे त्यामुळे काचेच्या नळीत तपासता येते.