गिटारच्या ध्वनिवर्धकातील घुमघुम

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याकडे जाणारा लोहमार्ग भिलाई-३ येथून जातो. आगगाड्यांसाठी ताणलेल्या तारेत २५,००० व्होल्ट दाबाची वीज असते. जवळच, १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटलेला पोलादाचा कारखाना आहे. अशा गावी गणेशोत्सवाच्या मांडवात इलेक्ट्रिक गिटार ध्वनिवर्धकाला जोडली आणि सुरांआधी 'घूं' असा अखंड आवाज आला, तर संशय प्रथम रेल्वेवर जाणे स्वाभाविक होय. परंतु विजेच्या तारांचे चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर क्षीण होत जाते, आणि गुन्हेगार बहुधा त्याच खोलीत सापडतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा हा प्रकार आहे.

भारतातील घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेल्या बारीक तारेचे वेटोळे. कंप पावणाऱ्या पोलादी तारेप्रमाणेच रोहित्राचे अथवा ट्यूबलाइटच्या चोकचे बदलते क्षेत्रही त्याला जाणवते. दोहोंत भेद करण्याची बुद्धी त्याला नसते! अमेरिकेतील गिब्सन कंपनीचे सेथ लव्हर यांनी १९५५ साली ज्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात दोन वेटोळी अशा उलट रीतीने जोडलेली असतात की बाहेरून आलेली घुमघुम परस्परांत विरते, तारेचा सूर मात्र टिकतो.

दोष शोधताना गिटारवरील आवाजाची कळ शून्यावर आणावी. घुमघुम थांबली तर ती पिकअपमधून येत होती. वादकाने गिटारसह हळूहळू वळून पाहावे. एखाद्या दिशेला ती कमी होत असल्यास चोक, पंख्याचा रेग्युलेटर किंवा रोहित्र दूर करावे. कळ शून्यावर असूनही आवाज राहिला, तर ध्वनिवर्धकातून वायर काढावी. तेव्हा शांतता झाली तर वायरीचे जाळीदार आवरण कोठे तुटले आहे काय, ते तपासावे. वायर काढूनही घुमघुम चालूच राहिली, तर दोष ध्वनिवर्धकाच्या पोटात आहे.

मिक्सर किंवा दुसरे उपकरण जोडताच घुमघुम सुरू होते, तेव्हा कारण निराळे असते. दोन्ही उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडलेली असतात. त्या दोन ठिकाणांच्या विद्युत्-पातळीत अल्पसा फरक असतो, आणि जोडवायरीच्या आवरणातून प्रवाह फिरू लागतो. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावरून चालवावीत. तेवढ्याने भागले नाही, तर ध्वनीच्या मार्गात विलगक रोहित्र घालावे.

काही मंडळी मात्र प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. घुमघुम थांबतेही, आणि म्हणूनच हा उपाय घातक आहे. गिटारच्या तारा वायरीच्या आवरणाद्वारे ध्वनिवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. आत फेजची तार सुटून सांगाड्याला टेकली, तर अर्थिंग असताना फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर गिटारच्या तारांतच वीज येते. मग वादकाचे ओठ मायक्रोफोनला लागले की प्रवाह त्याच्या देहातून वाहतो. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने मरण पावला. हातात गिटार असताना त्याने ज्या मायक्रोफोनला स्पर्श केला, त्याचे अर्थिंग झालेले नव्हते.

ध्वनिवर्धकाच्या पोटातील दोष कानाने काहीसा ओळखता येतो. एकदिशकारकातून निघालेल्या विजेत सेकंदाला १०० लहरी उरतात. त्या सपाट करण्याचे काम धारित्रे करतात. ती जुनी होऊन निकामी झाली की जो सूर ऐकू येतो, तो गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरील सुराच्या अगदी जवळचा असतो. ५० आवर्तनांचा सूर याहून एक सप्तक खाली. धारित्रे बदलणे हे कुशल कारागिराचेच काम आहे. व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकात त्यांच्यावर ४०० व्होल्टच्या आसपास दाब असू शकतो, आणि बटण बंद करून प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो.