गुणांचा तक्ता आणि आपले संशोधन

संशोधनाचे मोल कोणी ठरवायचे, हा प्रश्न आपल्यासाठी नुसता शैक्षणिक नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या लेखनाला गुण लावले. २०१८ च्या नियमावलीत समाजशास्त्रे व भाषा या विषयांतील मान्य नियतकालिकातल्या शोधनिबंधाला १० गुण आणि भाषांतरित पुस्तकाला ८ गुण ठेवले. ग्रामसभेत गोंडीतून वा मराठीतून केलेल्या मांडणीला मात्र रकानाच नाही.

या तक्त्यात बाबासाहेबांना बसवून पाहा. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त आला. त्याला १० गुण सहज. पण 'जातिनिर्मूलन'? ते भाषण जातपात तोडक मंडळाने होऊ दिले नाही. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. ना परीक्षक, ना मान्य नियतकालिक. कोणता रकाना द्याल?

तरीही ही पद्धती मोडीत काढा, असे मी म्हणणार नाही. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नव्हते. मुलाखतीच्या खोलीत आपल्या बाजूने बोलणारा काका-मामा नसतो. तिथे फाइलीतला आकडाच बोलतो. 'गुणवत्ता' हा शब्द ज्यांच्या तोंडून आपण पिढ्यान्पिढ्या ऐकला, त्यांच्या मर्जीपेक्षा लेखी आकडा बरा. (पैसे घेऊन निबंध छापणाऱ्यांचा धंदा याच आकड्यावर चालला, हेही खरेच.)

मात्र हा आकडा निबंध कुठे छापला ते पाहतो. प्रश्न कोणाचा होता ते पाहत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे गावाच्या अभ्यासगटांची वर्षानुवर्षांची चर्चा होती. जंगल, बांबू, कायदा यांचा अभ्यास गावाने स्वतः केला. हे संशोधन नव्हे काय? त्यावर बाहेरच्या प्राध्यापकाने निबंध लिहिला तर गुण त्याचे. दोन लेखक असतील तर प्रत्येकी ७० टक्के, असा नियम आहे. पण दुसऱ्या लेखकाच्या जागी ग्रामसभेचे नाव मी अजून पाहिलेले नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी बंद केली आणि पारख शिक्षणसंस्थांवर सोडली. म्हणजे तराजू जवळ आला, पण कोणाच्या हातात? समितीवर आपली माणसे नसतील तर जुनी मर्जीच परत येईल. म्हणून गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांत आपण आधी लेखी निकष मागितले पाहिजेत. आणि ज्या गावाचा अभ्यास केला, त्या गावाला तो त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याची ग्रामसभेची नोंद गुणांत धरा, असेही तिथेच सांगितले पाहिजे.