थंडीत पंखा पाचावर

डिसेंबरातली रात्र, खिडक्या बंद, सगळं घर दुलईत आणि आमचे काका उठून बसलेले. बनियन भिजलेला, पंखा पाचावर. काकू पांघरुणातूनच म्हणाल्या, "आता कळलं ना, माझी पाळी जात होती तेव्हा काय व्हायचं?" काकांचा प्रोस्टेटचा कर्करोग कंबरेच्या हाडात पोचलेला आहे. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनाचं त्यांचं हे सहावं वर्ष.

टोमणा असला तरी काकूंचं निदान बिनचूक होतं. मूत्राशयाखाली लघवीच्या नळीला वेढून बसलेली ही ग्रंथी पुरुषी संप्रेरकावर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर पोसली जाते आणि तिथला कर्करोगही त्यावरच वाढतो. शिकागोचे शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं, की वृषणं काढली की हाडांत पसरलेला रोगही मागे हटतो. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ती शस्त्रक्रिया आजही होते. ती स्वस्त आहे, एकदाच करावी लागते आणि गावाहून इंजेक्शनासाठी खेटे घालावे लागत नाहीत. तरी पुष्कळजण नको म्हणतात, आणि का ते समजण्यासारखं आहे.

इंजेक्शन तेच काम मेंदूच्या वाटेने करतं. वृषणांना हुकूम सोडणाऱ्या पिट्युटरीला ते इतकं डिवचत राहतं, की ती शेवटी दाद देईनाशी होते. मात्र पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट उसळतं. म्हणून अनेकांना आधी काही दिवस बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या देतात. मणक्यात रोग असेल तर ही काळजी फार महत्त्वाची.

हा गडाला घातलेला वेढा आहे. गड पडत नाही, रसद तुटते. कधीकधी वेढ्यातले लोक आतच धान्य पिकवू लागतात, तसा कर्करोग थोड्याशा संप्रेरकावर भागवायला किंवा ते स्वतःच तयार करायला शिकतो. टेस्टोस्टेरॉन तळाला असूनही पीएसए, म्हणजे रक्तातून रोगाचा माग दाखवणारा आकडा, चढू लागतो. मग अबिरॅटेरॉनसारख्या गोळ्या येतात (हल्ली बऱ्याच रुग्णांना त्या सुरुवातीपासूनच देतात). अबिरॅटेरॉन उपाशीपोटी घ्यायची आणि सोबत स्टिरॉइडची छोटी गोळी. यात एक गैरसमज वारंवार आढळतो: नवी गोळी आली म्हणजे जुनं इंजेक्शन बंद. तसं नसतं. वेढा चालूच ठेवायचा असतो.

काकांच्या डायरीत सहा वर्षांचे पीएसएचे आकडे आहेत, दशांश चिन्हासकट. कट्ट्यावर ते क्रिकेटच्या स्कोअरसारखे सांगितले जातात. अंगातून निघणाऱ्या वाफा, गेलेली इच्छा, उगीच भरून येणारे डोळे यांविषयी मात्र अवाक्षर नाही. 'बायकी' दुखणं कोण सांगणार? ओपीडीत चार मिनिटं मिळतात, त्यातली तीन रिपोर्ट चाळण्यात जातात. माझ्या मते या उपचाराचा अर्धा हिशेब अशा रीतीने कोणी मांडतच नाही. काकांच्या शरीरातला बदल आधी कळला तो शिंप्याला: कंबर दोन इंच वाढली होती आणि दंड सदऱ्यात हरवले होते.

टेस्टोस्टेरॉन गेलं की स्नायू झिजतात, पोट सुटतं, शुगर वाढू लागते, हिमोग्लोबिन उतरतं. आणि हाडं ठिसूळ होतात. ही गोष्ट गुपचूप घडते, म्हणून जास्त वाईट. बाथरूममध्ये घसरण्याचं निमित्त होतं आणि खुबा मोडतो. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व याबद्दल रुग्णाने स्वतः विचारावं. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड सुचवलं, तर आधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन यावं. ते चालू असताना दाढ काढली तर जबड्याचं हाड बरं न होण्याचा धोका असतो.

थकव्यावर व्यायामाइतकं चांगलं औषध नाही. पण नुसतं फिरणं पुरत नाही, स्नायूंना वजन उचलायला लावावं लागतं. रोग हाडात असेल तर काय उचलायचं आणि काय टाळायचं, हे आधी विचारून घ्यायचं. काका पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन गॅलरीत हात वर-खाली करतात. वाफांवरचे उपाय काकूंचे: सुती सदरा, उशाशी नॅपकिन, रात्रीचा चहा बंद. त्यानेही भागलं नाही तर गोळ्या आहेत, पण त्या मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

त्यांच्या फ्रिजवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, ती तुमच्याही घरी असू द्या. पाठ अचानक नव्याने दुखू लागली, पायातली ताकद गेली, बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाब देत असू शकते. पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, रविवार असला तरी.