टूथपेस्टमधलं सोडियम फ्लोराइड: दातांना हवं, पोटात नको



‘आपले दात’ शिकवताना मुलांना टूथपेस्टचं रिकामं खोकं आणायला सांगा. अनेक खोक्यांवर ‘सोडियम फ्लोराइड’ हे नाव सापडेल. ते काय आहे, पाहू या.

कसं तयार होतं?
फ्लोरस्पार हे खनिज म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड. ते संहत सल्फ्युरिक आम्लाबरोबर तापवलं की हायड्रोजन फ्लोराइड वायू निघतो. पाण्यात विरघळल्यावर तो काचसुद्धा खातो, म्हणून हे काम कारखान्यातच होतं. या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड किंवा सोडियम कार्बोनेट मिसळलं की सोडियम फ्लोराइड मिळतं.

गुणधर्म
- पांढरं, बिनवासाचं, मिठासारखं दिसणारं.
- ९९३ अंश सेल्सिअसला वितळतं.
- १०० मिली पाण्यात साधारण ४ ग्रॅम विरघळतं. कॅल्शियम फ्लोराइड मात्र जवळजवळ विरघळतच नाही.

विरघळतं, म्हणूनच फ्लोराइड लाळेत मोकळं होतं, दाताच्या एनॅमलला चिकटतं आणि एनॅमल आम्लापुढे जास्त टिकतं.

मग काळजी कसली?
गिळण्याची! १००० पीपीएमच्या १ ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १ लिटर पाण्यात एवढंच असावं. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. म्हणून तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढीच पेस्ट द्या. ब्रशभर पट्टी फक्त जाहिरातीत! चूळ भरून थुंकायला शिकवा.

पिवळे डाग दिसले तर
नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात खडकातून फ्लोराइड उतरतं. पाणी उकळूनही ते जात नाही. पक्के दात हिरडीत घडत असताना असं पाणी पोटात गेलं, तर दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात. त्याला दंत फ्लोरोसिस म्हणतात. आपल्या वर्गात तिकडून आलेली मुलं असू शकतात. तेव्हा डाग दिसले की ‘दात घासत नाहीस का रे?’ असं चारचौघांत विचारू नका. आधी ‘गावाला पाणी कुठलं प्यायचास?’ हे प्रेमाने विचारा आणि पालकांना दंतवैद्याकडे जायला सुचवा. घासून न निघणाऱ्या डागासाठी लेकराने मान खाली का घालावी?