दहावीच्या निरोपाचे फोटो कोणाकडून काढून घ्यावेत?

जानेवारी आला की दहावीच्या वर्गांना निरोप समारंभाचे वेध लागतात. बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आलेल्या जळोचीतही मुली साड्या नेसतात, मुलं नवे कुर्ते घालतात. हे फोटो घरात वर्षानुवर्षं राहतात, म्हणून फोटोग्राफर नुसत्या दरावर ठरवू नये.

निवडक फोटोंचा अल्बम सगळेच दाखवतात. तुम्ही एकाच कार्यक्रमाचे सगळे फोटो मागा. उन्हातले, वर्गातल्या अंधुक उजेडातले, सावळ्या चेहऱ्यांचे फोटो कसे आलेत, ते बघा. चेहरे गोरे करून देणाऱ्याला मी तरी काम देणार नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला तिचाच रंग पुसून दाखवणं अन्यायाचं आहे.

आपल्याकडे दुपारचं ऊन वरून पडतं, डोळ्यांखाली काळ्या सावल्या येतात. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचच्या सुमारास यायला तयार असलेला माणूस हवा. ते जमत नसेल तर मोकळी, एकसारखी सावली शोधणारा.

पैशांबरोबर हक्कांचंही बोलून घ्यावं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. तरी मूळ फाइली कधी आणि कशा मिळणार, हे आधीच लिहून घ्यावं. दुकानाच्या जाहिरातीत किंवा इन्स्टाग्रामवर मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय टाकायचे नाहीत, हेही त्याच कागदावर असावं.