माळ्यावरची ट्रंक

दिवाळीची साफसफाई म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंची परीक्षाच असते. गेल्या दिवाळीत मंगळवार पेठेतल्या आमच्या घराचा माळा रिकामा करायला घेतला आणि पितळी समया, तुटकी पाळण्याची कडी, कुणाच्या तरी लग्नातले तांबे यांच्यामागून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. आत जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या एकेचाळीस रेकॉर्ड होत्या. काळ्या, जाडजूड, हातात घेतल्यावर वजन जाणवणाऱ्या. त्या वाजवायचा चावीचा फोनो केव्हाच मोडीत गेला होता. भंगारवाला दारात उभाच होता. त्याने एक रेकॉर्ड उचलून पाहिली आणि सरळ सांगितले, "ह्याचं काय येत न्हाई साहेब. पायजे तर तसंच नेतो."

आमच्या सौभाग्यवतींची हरकत नव्हती. माझीही फारशी नव्हती. पण सोप्यात जपमाळ घेऊन बसलेल्या आत्तीने मान वर केली. वय चौऱ्याऐंशी. ती म्हणाली, "तेवढी ट्रंक ऱ्हाऊ दे रं. आईची गाणी हायत त्यात."

आई म्हणजे माझी आजी. ती कधी गायली नाही. पण संध्याकाळी दिवा लावून झाला की फोनोला चावी द्यायची आणि एक रेकॉर्ड लावायची, हे आत्तीला लख्ख आठवत होते. ती नेमकी रेकॉर्ड ट्रंकेत सापडली, पण कडेपासून बोटभर आत गेलेली एक चीर तिच्यावर होती. लेबलाचा निम्मा भाग कसरीने खाल्लेला. त्यावर 'मिस' एवढी दोनच अक्षरे उरली होती. गाणाऱ्या बाई कोण, ते कळायला मार्ग नव्हता. बाजारात विचारावे, तर विचारायचे कुणाच्या नावाने? भंगारवाल्याला मी रिकाम्या हाताने परत पाठवले आणि पुढचे तीन महिने त्या ट्रंकेपायी घालवले. त्या तीन महिन्यांत जे शिकलो, ते ज्यांच्या माळ्यावर अशी ट्रंक असेल त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

नाही आणि आहे

आवाज हरवला तर काय होते, हे कोल्हापूरला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब गात होते. जयपूर-अत्रौली घराण्याचे गाणे या गावात रुजले, भुर्जी खाँसाहेबांकडे शिकायला मल्लिकार्जुन मन्सूर इथे आले. आपल्या देशात गाण्याचे ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले आणि खाँसाहेब गेले १९४६ साली. मध्ये चव्वेचाळीस वर्षे होती. तरी खाँसाहेबांनी आपले गाणे तबकडीवर दिले नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी त्यांच्याविषयी लिहून ठेवले ते आपण वाचू शकतो, शिष्यांच्या गाण्यातून अंदाज बांधू शकतो. पण तो आवाज आता कुणालाही ऐकता येणार नाही.

त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकर. त्यांनी रेकॉर्ड दिल्या, त्याही मोजक्याच. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली आणि त्यांच्यासोबत पृथ्वीवरच्या निवडक संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. त्यात केसरबाईंची भैरवी आहे. मात्र ही भैरवी निवडल्यावर तिची रेकॉर्ड मिळेना, कारण ती बाजारातून नाहीशी झाली होती. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, मागच्या बाजूला टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात, न उघडलेल्या तीन प्रती सापडल्या. त्या दुकानदाराने महिनाभर आधी झाडलोट केली असती, तर केसरबाईंचा सूर कदाचित पृथ्वीवरच राहिला असता.

म्हणजे खोक्यांचे, ट्रंकांचे महत्त्व असे असते. आणि आपल्या गावात आता माळासुद्धा सुरक्षित म्हणता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले. पाणी आणि आग, दोन्ही आपण पाहिली. घरात एकच प्रत असणे म्हणजे नसण्याच्या उंबरठ्यावर असणे.

खरखर आणि गाणे

आमचा पहिला प्रयत्न फसला. एका ध्वनिमुद्रण करणाऱ्याकडे पाच रेकॉर्ड नेल्या. त्याने चार दिवसांत सीडी करून दिली. खरखर औषधालाही नाही! मी खूश झालो. घरी आत्तीला ऐकवली. ती दोन मिनिटे ऐकून म्हणाली, "ह्यो कुणीतरी नाकात कापूस घालून गातोय." तिचे बरोबर होते. संगणकाने खरखर काढता काढता आवाजाची धारही काढून टाकली होती. तानेचा दाणा, तंबोऱ्याची झंकार, श्वास घेतल्याची चाहूल, सगळे खरखरीबरोबर गेले होते.

पहिला धडा असा मिळाला की मूळ रेकॉर्ड जशी वाजते तशीच आधी उतरवून घ्यायची, खरखरीसकट. ती प्रत कायम ठेवायची. साफसफाई करायची ती तिच्या नकलेवर. उद्या याहून चांगली साधने येतील, तेव्हा मूळ प्रत हाताशी हवी.

नंतर मित्राचा टर्नटेबल आणला आणि घरीच सुरुवात केली. यात काही अवघड नाही, पण चार गोष्टी माहीत हव्यात.

या जुन्या रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. हल्ली मिळणाऱ्या पुष्कळ टर्नटेबलांवर ३३ आणि ४५ याच गती असतात, म्हणून घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. दुसरे सुईचे. ७८ च्या रेकॉर्डची खाच रुंद असते, तिला इंचाच्या तीन सहस्रांश टोकाची सुई लागते. एल.पी.ची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही बारीक. ती इथे लावली तर खाचेच्या तळाशी साचलेल्या धुळीत लोळते आणि खरखर दुप्पट होते. माळ्यावर चावीचा फोनो असेल तर तो हौसेपुरता वाजवावा. त्याच्या पोलादी सुया एका बाजूला एक अशा बदलायच्या असत, आणि तरीही त्या रेकॉर्ड झिजवतच.

तिसरी गोष्ट धुण्याची. ७८ च्या रेकॉर्ड लाखेच्या. सुतार लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतो, हे आपण पाहिलेले असते. म्हणून या रेकॉर्डला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रव लावू नये, गाणेच विरघळेल. डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, हलका हात आणि लेबल कोरडे ठेवणे एवढे पुरे. मग उभ्या ठेवून वाळवाव्यात. ठेवायच्याही उभ्याच. एकावर एक रचल्या तर खालच्या वजनाने तडकतात.

चौथी गोष्ट गतीची, आणि ती गाणे कळणाऱ्यांसाठी फार मोलाची. फार जुन्या रेकॉर्ड नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नसत. गती थोडी चुकली की काळी एकची गायिका काळी दोनमध्ये जाते आणि संथ गाणेही धावायला लागते. जवळ पेटी ठेवावी, गायकाची पट्टी माहीत असेल तर षड्ज जुळवून पाहावा आणि मग संगणकावर गती ठरवावी.

टर्नटेबलातून आवाज संगणकात घ्यायला एक छोटा जोड लागतो आणि ऑडॅसिटीसारखी प्रणाली फुकट मिळते. प्रत ठेवायची ती आवाजातले काहीही न गाळणाऱ्या, म्हणजे वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात. एमपी३ ही रोज ऐकायला ठीक आहे, पण तिच्यात जागा वाचवण्यासाठी आवाजातला काही भाग कायमचा गाळलेला असतो. आमच्या एकेचाळीस रेकॉर्डच्या ब्याऐंशी बाजू, प्रत्येकी सुमारे तीन मिनिटे. म्हणजे आजीचा सगळा संग्रह चार तासांत संपतो! सीडीच्या दर्जाने मिनिटाला दहा एमबी धरले, तर सगळे मिळून अडीच जीबी होते. उत्तम दर्जाने उतरवले तरी सोळा जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावते. ट्रंक उचलायला मात्र दोन माणसे लागली होती.

आणि हो, लेबल! प्रत्येक रेकॉर्डच्या दोन्ही लेबलांचा फोटो काढावा. लेबल गेले असेल तर गाणे संपते तिथल्या कोऱ्या पट्टीत कोरलेला क्रमांक उजेडात तिरपा धरून वाचावा. तो पाण्याने जात नाही, कसर खात नाही. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेतल्या जाणकारांनी अशा क्रमांकांच्या याद्या लावण्यात आयुष्ये घातली आहेत.

गाणे कुणाचे?

रेकॉर्ड उतरवून होताहेत तोवर पुतण्या म्हणाला, "काका, सगळी यूट्यूबवर टाकूया." इथे जरा थांबायला हवे.

आपण विकत घेतलेली रेकॉर्ड स्वतःच्या घरात ऐकण्यासाठी उतरवून घेणे आणि ती जगाला वाटणे, यांत फरक आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा खाजगी वापराला रास्त मोकळीक देतो. वाटायचे तर हक्क कुणाचे ते पाहावे लागते. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालेल्या सालानंतर ६० वर्षे टिकतो. १९६० साली निघालेली रेकॉर्ड २०२० च्या अखेरीस मोकळी झाली. पण रेकॉर्ड मोकळी झाली म्हणजे गाणे मोकळे झाले असे नव्हे. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची. त्यांचे हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे चालतात.

आपल्याच गावचे उदाहरण घ्या. सुधीर फडके कोल्हापुरात जन्मले. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून घरोघरी पोचलेल्या 'गीतरामायणा'ची छप्पन्न गीते माडगूळकरांची आणि चाली फडक्यांच्या. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. बाबूजी २००२ साली गेले, त्यांच्या चालींवरचा २०६२ पर्यंत. तेव्हा पुतण्याला सांगितले, "घरात हवे तितके ऐक, बाहेर वाटताना एकेक तपासून."

आपल्या पिढीला याची सवय नाही, हे कबूल केले पाहिजे. कोऱ्या कॅसेटबरोबर चिठ्ठीवर गाण्यांची यादी द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची, हे आपण सर्वांनी केले. पुढे सीडी आली, मग पेनड्राइव्ह 'भरून' मिळू लागला. यातला एक पैसाही गाणाऱ्याच्या, लिहिणाऱ्याच्या घरी गेला नाही. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा कंपनीला कायमचा लिहून देता येणार नाही, असे ठरले. पण गाणे रीतसर घेतलेच नाही, तर वाटा कशातून निघणार?

ट्रंकेतल्या काही रेकॉर्ड फुटलेल्या होत्या. त्यातली जी गाणी कंपन्यांनी पुन्हा काढली आहेत, ती सरळ विकत घ्यावीत. कंपनीकडची मूळ प्रत आपल्या झिजलेल्या रेकॉर्डपेक्षा बहुधा चांगलीच असते. जुन्या एच.एम.व्ही.चा खजिना आता सारेगामा कंपनीकडे आहे. त्यांनी २०१७ साली पाच हजार गाणी भरलेली 'कारवाँ' पेटी काढली, तेव्हा आत्तीच्या वयाच्या माणसांची मोठी सोय झाली. बटण दाबले की गाणे, इंटरनेटची कटकट नाही. आजचे कलावंत बँडकॅम्पसारख्या ठिकाणी आपली गाणी स्वतः विकतात.

मात्र विकत घेणे आणि भाड्याने घेणे यांतला फरक ध्यानात असावा. महिन्याची वर्गणी भरून मोबाइलवर ऐकतो ते भाड्याचे. वर्गणी थांबली, कंपनीचा करार संपला की गाणे गेले. दुकानेही टिकतातच असे नाही. फ्लिपकार्टने २०१२ साली फ्लाइट नावाचे गाण्यांचे दुकान उघडले आणि जून २०१३ मध्ये बंदही केले. ज्यांनी पैसे देऊन गाणी उतरवून ठेवली होती, त्यांच्याकडे ती राहिली. म्हणून विकत घ्यावे आणि उतरवूनही घ्यावे. दोन प्रती कराव्यात, एक आपल्या घरी आणि एक दुसऱ्या गावी. आमची दुसरी प्रत बहिणीकडे सांगलीला ठेवणार होतो. पण पूर आला की कोल्हापूर आणि सांगली एकदमच बुडतात, म्हणून ती पुण्याला भाचीकडे दिली.

चिरेपलीकडचे गाणे

आत्तीची रेकॉर्ड सगळ्यात शेवटी घेतली. चिरेमुळे प्रत्येक फेरीला ठक ठक असा आवाज येत होता, सुई दोनदा उडाली. तिसऱ्या वेळी पूर्ण बाजू निघाली. ठक ठक तेवढी एकेक करून कमी केली, त्यात दोन रविवार गेले. बाकी खरखर तशीच ठेवली.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर ती लावली. आत्ती काही बोलली नाही. जपमाळेतले मणी मात्र थांबले. तीन मिनिटांनी गाणे संपले, तेव्हा म्हणाली, "आई इथं उठून चावी द्यायची." आणि पुन्हा लावायला सांगितली.

त्या 'मिस' कोण, ते अजून कळलेले नाही. कोऱ्या पट्टीतला क्रमांक एका जाणत्या संग्राहकांना कळवला आहे. ही बाई कुठल्या यादीत सापडेल, न सापडेल. पण तिचा आवाज आता तीन ठिकाणी आहे. यंदा माळा झाडायला घ्याल, तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला एकदा विचारा. बघा, एखादी ट्रंक निघेल.